होडी ओळखेल तो माणूस

पालघर, ४ जुलै २०२५

प्रिय गोदूआत्या,

नमस्कार. आतोबांनाही. आणि शेजारच्या ठकीकाकूंनाही, कारण हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार हे मला पक्कं ठाऊक आहे.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल. भाची फोन सोडून कागदावर का उतरली ते सांगते. माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. विद्यापीठांच्या वेबसाइट माणसांना धड वापरता येतात का, याची तपासणी. वेबसाइट देखणी आहे की नाही हा प्रश्नच नाही. ज्याला जे हवं ते त्याला तिथे सापडतं का, सापडेपर्यंत तो कुठे अडखळतो, कुठे चुकतो, कुठे वैतागून फोन आपटतो, ते बघायचं. आतापर्यंत मी कॉलेजातली मुलं बसवली. ती इतकी सराईत की कुठे अडखळतच नाहीत. माझे मार्गदर्शक मनीष सर म्हणाले, "हेमाली, ज्याला घर पाठ आहे त्याला दार सापडतं का हे कसलं तपासत्येस? पहिल्यांदा येणारा पाहुणा आण." माझ्या डोळ्यांपुढे तूच आलीस. रागावू नकोस!

तू मिळेल ते वाचतेस, सतरा नंबरचा फॉर्म भरून साठी गाठता गाठता बारावी पास झालीस, आणि स्मार्टफोन मात्र तुझ्या हाती आत्ता आत्ता आला. माझ्यासाठी याहून चांगला माणूस नाही.

तुझ्या मोबाईलवर तीन विद्यापीठांचे तीन दुवे पाठवलेत. त्यांवर टिचकी मार. कल्पना कर की तुला बी.ए.ला प्रवेश घ्यायचा आहे. प्रवेशाची शेवटची तारीख शोध, पालघरचं अभ्यासकेंद्र शोध, आणि जमलं तर अर्ज भर. करताना मनात जे येईल ते जसंच्या तसं लिही. शिव्यासुद्धा. मला त्याच जास्त हव्यात.

नियम एकच, पण कडक. या कामाबद्दल फोनवर बोलायचं नाही. तू विचारणार "आता कुठे दाबू गं?" आणि मी सांगून मोकळी होणार, मग तपासणी कसली? म्हणून पत्रं. आणखी थोडं सांगायचंय, पण ते तपासणी संपल्यावर. तोही नियमच.

तुझीच,
हेमाली

*

नवापूर, ९ जुलै

चि. हेमाली,

आशीर्वाद, दोन्ही हातांनी. पत्र ठकीला वाचून दाखवलं. "माझंबी नाव घातलंय!" म्हणून तिने ते परत वाचायला लावलं.

आधी मुद्द्याचं. तू लिहिलंयस, "कल्पना कर." कल्पना कशाला करू गं? मला बी.ए.ला प्रवेश घ्यायचाच आहे. बारावीचा निकाल लागला तेव्हापासून हे पोटात घेऊन फिरते आहे, कुणाला बोलले नव्हते. वाटायचं, लोक म्हणतील म्हातारीला आता काय हुक्की आली. तुझं पत्र आलं आणि वाटलं, भरतीचं पाणी आपणहून ओट्याला लागलं. रात्री तुझ्या आतोबांना सांगितलं. ते जाळं विणत होते. म्हणाले, "कर. पण सकाळच्या चहाचं काय?" म्हटलं, बी.ए. झालेल्या बायकाही चहा करतात, आणि त्यांचे नवरेही करायला शिकतात.

आता तपासणी. पावसाळी बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या, पुरुषमाणसं दिवसभर घरात पायांत पाय. त्यामुळे मला प्रेक्षकांची कमी नाही. आमच्या ओट्यावर पाटावर फोन ठेवतो आणि भोवती सगळे बसतो. ठकी, म्हातारी गोजराबाई, होडी हाकणारा दादू तांडेल, तुझे आतोबा.

पहिल्या विद्यापीठाला मी झोपाळा विद्यापीठ नाव ठेवलंय. उघडलं की मोठं चित्र येतं, वर काही लिहिलेलं असतं, आणि वाचायला घ्यावं तर सर्रकन बाजूला जातं. दुसरं येतं, तेही जातं. मी डोळ्यांनी त्याच्या मागे धावते आहे, गोजराबाईंना तर गरगरायला लागलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गोदे, थांबला की सांग." तो थांबलाच नाही.

दुसरं फोटोचं विद्यापीठ. आत गेलं की कुणा मोठ्या साहेबांचा फोटो, खाली सरकवा तर दुसऱ्या साहेबांचा, मग फीत कापताना, मग दिवा लावताना. दादू म्हणाला, "वहिनी, हे लग्नाचं आल्बम हाय. नवरी कधी दिसनार?" प्रवेश कुठेच दिसेना. वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या. ठकीला वाटलं काचेवर ओरखडे पडलेत. पदराने पुसायला गेली, आणि फटकन आतून सगळी यादीच उघडली! प्रवेश, परीक्षा, अभ्यासकेंद्र, सगळं त्या रेघांच्या पोटात. इतकं महत्त्वाचं सामान लोक रेघांच्या मागे का लपवतात? तुमच्यात शिकवतात का तसं?

आतली माहितीपत्रिका उघडली तर कागद उलटा. डोकं खाली, पाय वर. आतोबांनी फोन फिरवला. फोनमधला कागदही फिरला, परत उलटा! पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. शेवटी फोन पाटावरच आडवा ठेवला आणि आम्ही सगळे उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. तेव्हा वाचता आलं. त्यात पालघरचं केंद्रच नव्हतं.

तिसऱ्याचं पुढच्या पत्रात. आता भात उतू जातोय.

तुझी आत्या,
गोदूबाई

*

पालघर, १४ जुलै

प्रिय आत्या,

पाट! पलीकडे जाऊन बसणं! मी वर्गात वाचून दाखवलं, मनीष सर खुर्चीवरून पडायचे राहिले. ते म्हणाले, "एवढ्या एका वाक्यासाठी तुझं एक प्रकरण ठरलं." पदराने पुसण्याचं वेगळं प्रकरण.

आणि आत्या, तू भूमिकेत काय शिरलीस गं! "कल्पना कशाला करू, घ्यायचाच आहे." ते पोटात घेऊन फिरणं, आतोबांच्या चहाचा प्रसंग, सगळं इतकं खरं वाटतं की मी परत परत वाचलं. गणपतीतल्या नाटकात तुला का घेत नाहीत? अशीच राहा. तपासणीत माणूस जितका कामात बुडालेला, तितकं चांगलं.

तिसऱ्याचं सविस्तर लिही. त्याच्यावर माझा जास्त भर आहे, कारण त्याचं केंद्र पालघरला आहे. आणि विसरू नकोस, अर्ज पूर्ण होतो का तेही बघायचंय.

हेमाली

*

नवापूर, २१ जुलै

हेमाली, हेमाली, हेमाली!

झाला! प्रवेश झाला!

तीनदा नाव लिहिण्याच्या घाईत आशीर्वाद राहिला, तो घे आधी.

नाटकाचं तू काय लिहिलंयस ते मला नीटसं कळलं नाही, पण कौतुकच असेल म्हणून ठेवून घेतलं.

तिसरं विद्यापीठ म्हणजे लुकलुक विद्यापीठ. त्यात जिकडेतिकडे लाल अक्षरांत "नवीन! नवीन!" लुकलुकतं. एक "नवीन" उघडलं तर चार वर्षांपूर्वीची परीक्षा. आतोबा म्हणाले, "आपल्याकडेपन कालचा मासा ताजा म्हनून इकतात, पन चार वर्साचा नाय कोन इकत." पण यावेळी आम्ही तयारीत होतो. आल्या आल्या ठकीने पदर घेऊन तीन रेघा पुसल्या. उघडलं! मग प्रवेश, मग बी.ए., मग शेवटची तारीख ३१ जुलै, मग पालघरचं केंद्र, सगळं ओळीने जाळ्यात. मी एकटीने अर्ज भरला. नाव, गाव, बारावीचे गुण. प्रत्येक रकाना भरला की ओट्यावरून एक आवाज उठायचा, नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात ढकलताना उठतो ना, तसा. शेवटचं बटण दाबलं आणि हिरव्या अक्षरांत आलं, "अभिनंदन! आपला अर्ज नोंदवला गेला आहे."

फार भलं विद्यापीठ आहे गं. फीसुद्धा मागितली नाही. आणि नंबर किती सोपा दिलाय, १२३४५६७, म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहावा असा. मग ठकीलाही हुरूप आला. ती चौथी शिकलेली, तसं तिने खरंखुरं लिहिलं, तरी तिलाही अभिनंदन! तिचाही नंबर तोच. ठकी म्हणाली, "एकच नंबर म्हंजे एकाच बाकावर बशीवनार आपल्याला." मलाही तसंच वाटतंय.

संध्याकाळी सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, अख्खी आळी जेवली. गोजराबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आणि दादू तांडेलाने काय करावं? बोईसरला जाऊन भलामोठा बॅनर छापून आणला. पामच्या फाट्यावर लावलाय. माझा फोटो, हातात बारावीचं प्रमाणपत्र, खाली "नवापूर गावाची शान, गोदूबाई रामा पागधरे, बी.ए., हार्दिक अभिनंदन", आणि शुभेच्छुकांत स्वतःचा गॉगल घातलेला फोटो माझ्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, "दादू, बी.ए. अजून व्हायचंय रे." तो म्हणाला, "वहिनी, परत परत कोन छापनार? एकदाच लिवून टाकला."

बोईसरच्या बाजारात अनोळखी बाई थांबवून विचारते, "तुमीच का त्या?" मी म्हणते, हो बाई, मीच त्या.

तुझे उपकार कसे फेडू?

तुझी आत्या, गोदूबाई, बी.ए. (दादूच्या म्हणण्यानुसार)

*

पालघर, २४ जुलै

आत्या गं,

हे पत्र शेजारच्या कुंदनदादाच्या हाती पाठवते आहे. तो बोईसरची ड्यूटी संपली की थेट तुझ्याकडे येईल. तुझं पत्र मिळाल्यापासून मी सारखी फोन करते आहे आणि तू प्रत्येक वेळी "नियम म्हणजे नियम" म्हणून कट करतेस. आतोबांना केला, त्यांनी "गोदूला ईचारून सांगतो" म्हणून ठेवला.

आत्या, ती वेबसाइट खरी नाही.

आता सगळं लिहितेच. खऱ्या वेबसाइटवर तपासणी घेतली तर खोटे अर्ज विद्यापीठात जाऊन पडतात. म्हणून मी तिन्ही वेबसाइटची हुबेहूब नक्कल बनवली होती. तपासणी संपल्यावर सांगायचं ते हेच होतं. तिथला अर्ज कुठेच जात नाही. नंबर मीच टाकलेला, सगळ्यांना तोच. फी मागत नाही कारण मी फीचं पानच केलं नाही. तू भूमिकेत शिरली नव्हतीस, तू खरंच सांगत होतीस, आणि मी टाळ्या वाजवत बसले.

शेवटची तारीख मात्र खरी आहे, ३१ जुलै. खऱ्या वेबसाइटचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. नियम गेला खड्ड्यात. मी उद्या येऊन तुझा अर्ज भरून देते. फक्त हो म्हण.

आणि तो बॅनर... आत्या, तो अजून आहे का गं?

तुझी अपराधी,
हेमाली

*

नवापूर, २७ जुलै

चि. हेमाली,

आशीर्वाद. आणि अपराधी वगैरे पुन्हा लिहिलंस तर कान उपटेन.

कुंदनने पत्र दिलं तेव्हा ओट्यावर सगळे होते. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच कागद खाली ठेवला. पुढचं कुंदननेच वाचलं. मग ठकीने मोठा उसासा टाकला आणि म्हणाली, "बरा झाला बाय! मना रातीला झोप नव्हती. कालिजात ईंग्रजी ईचारला असता तर काय बोलली असते?" तिला एवढं हलकं वाटलं की तिने सगळ्यांना चहा केला. ठकीच्या पदवीचा निकाल असा लागला.

माझ्या मनात काय झालं ते नको विचारू. दादू उठून तडक पामच्या फाट्यावर गेला आणि बॅनरवर होडीवर घालायची निळी ताडपत्री टाकून आला. आता लोक विचारतात, खाली काय आहे? काहींना वाटतं कुणा पुढाऱ्याचं उद्घाटन आहे. हारवाला चौकशी करून गेला.

पण तू येऊ नकोस. हे नीट ऐक. तू येऊन बटणं दाबलीस तर त्या ताडपत्रीखालचं सगळंच खोटं होईल. मी स्वतः भरणार. तुझ्या नकलेवर जमलं तर असलीवरही जमेल. खरी वेबसाइट अगदी तश्शीच आहे, तुझ्या हाताचं मला कौतुक वाटलं. लुकलुकसुद्धा तितकीच. सगळा अर्ज भरला, कुंदनने दाखवल्याप्रमाणे प्रमाणपत्राचा फोटो चढवला, फीचं पान आलं. हो, इथे फी मागतात. आणि त्याच्या आधी एक कोडं आलं. तुझ्या नकलेत ते नव्हतं.

लिहिलं होतं, "आपण माणूस आहात याची खात्री करा. होडी असलेली सर्व चित्रं निवडा." नऊ चित्रं. मी हसले. म्हटलं, देवाने कृपा केली, नवापुरात होडी विचारली!

हसले ते तेवढंच.

पहिल्या चित्रात मोठं लोखंडी धूड. आतोबा म्हणाले, ते जहाज, होडी नाही. बरोबरच आहे. दुसऱ्यात वाळूवर पालथी घातलेली. गोजराबाई म्हणाल्या, "ती निजलीय, तिला नको उठवू." तिसऱ्यात नवीकोरी, कारखान्यात उभी, रंगसुद्धा ओला. तिथे दादूने हात आडवा घातला. "वहिनी, नारळ फुटला नाय, हार नाय, नाव नाय. तवर तिला होडी नाय बोलत. तवर तो काम बोलतात." आमच्या घरातही तसंच आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी नवी होडी बांधायला टाकली होती तेव्हा वर्षभर "काम कुठवर आलं" एवढंच विचारायचे. नारळाआधी तिला होडी म्हटलं तर ती रुसते. मी कशी दाबू? चौथ्यात रबराचं फुगवलेलं गोल, आत टोपड्या घातलेली माणसं किंचाळताना. ठकी म्हणाली, "ही टोपली हाय. बुडताना वरडतात बिचारी." पाचव्यात पुलामागून नुसती एक काठी. उरलेल्यांत एक बस, एक रस्ता, एक झाड, आणि एक खरीखुरी होडी, जाळ्यासकट. ती एकच दाबली. एकमताने.

यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

दुसऱ्या खेपेला शिडाची एक आली. दादू ती बघून उठून उभाच राहिला. "असा शीड बांधनारा तांडेल घरी परत नाय येत! ही होडी नाय, हा अपघात हाय!" नाही दाबली. यंत्र म्हणालं, पुन्हा. असं किती वेळ चाललं. शेवटी ते बोललं, "आपण माणूस असल्याची खात्री होऊ शकली नाही. कृपया नंतर प्रयत्न करा."

गोजराबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग पदर खोचला. "मना? मना मानूस नाय बोलतो? आठ बालंतपनं केली मी! कुठं बसतो तो? गाडी काढ रे कुंदन!"

हेमाली, चार दिवस राहिलेत आणि ते यंत्र मला माणूस म्हणायला तयार नाही. आम्हाला एवढं येतं तेच आडवं येतंय की काय, कळत नाही. तू उत्तर सांगू नकोस. पण मन खाली बसलंय हे खरं.

तुझी आत्या

*

पालघर, २८ जुलै

आत्या,

कुंदनदादा ड्यूटीला निघायच्या घाईत दारात उभा आहे, म्हणून एवढंच.

पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग रडले, आईला वाटलं मला ताप आला. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आहे. तू नको म्हणालीस म्हणून जीभ चावून बसले आहे.

फक्त एक गोष्ट सांगते, ती उत्तर नाही. ते कोडं बनवणारा नवापूरचा नाही. त्याने समुद्र पाहिला असेलच असं नाही.

हेमाली

*

नवापूर, ३१ जुलै

चि. हेमाली,

आशीर्वाद, आणि सगळ्या आळीचा आशीर्वाद, आणि गोजराबाईंचा वेगळा.

तुझी चिठ्ठी कुंदनकडून दुसऱ्या दिवशी मिळाली. मी ती किती वेळा वाचली. "त्याने समुद्र पाहिला असेलच असं नाही." मग विचार केला, आमच्यात असा कोण आहे? आणि ठकीच्या मागच्या खोलीकडे नजर गेली.

मिथुन. ठकीचा भाडेकरू. बोईसरच्या कारखान्यात कामाला आहे, लांबून गंगेपल्याडच्या कुठल्या गावाहून आलाय. समुद्राचं त्याला इतकं भय की किनाऱ्याकडच्या खिडकीला त्याने चादर लावलीय. आला तेव्हा ठकीला विचारलं होतं, "मौसी, ये पानी रात को अंदर तो नहीं आता?" ठकीने मस्करीत "कधी कधी" म्हटलं, तर बिचारा दोन रात्री कारखान्यातच झोपला.

पण तो नेमका जास्तीच्या पाळीला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आज शेवटची तारीख, आणि तो दुपारी डोळे चोळत उगवला. ठकीने त्याला जेवूसुद्धा दिलं नाही, हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. मी अर्ज उघडला. कोडं आलं. होड्याच!

"बेटा मिथुन," मी म्हटलं, "इनमें होडी कौन सी है?"

त्याने घाबरून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्याला वाटलं ही गावाची काही परीक्षा आहे, नापास झालो तर खोली जाईल. दादू समोर हाताची घडी घालून उभा. मिथुनने हळूच जहाजावर बोट ठेवलं. "ये?" दादूने डोळे मिटले. "ये भी. ये उलटी वाली भी. ये डंडा दिख रहा है, नीचे नाव ही होगी ना, मौसी?" रबराची टोपलीसुद्धा सोडली नाही. नारळ न फुटलेलं "काम"सुद्धा. गोजराबाईंनी कानांवर हात ठेवले. तो म्हणेल ते मी दाबत गेले, बटण माझ्याच बोटाखाली होतं.

आणि हिरवी खूण! एका झटक्यात! माणूस!

असा आरडाओरडा झाला की समोरच्या घरातली कोंबडी कौलांवर गेली. मिथुनला उचलला दादूने. तो ओरडतोय, "चाचा, मैंने क्या किया?" आतोबांनी फी भरली, आणि या वेळी नंबर आला तो लांबलचक, वाकडातिकडा, मध्ये इंग्रजी अक्षरं, अजिबात पाठ होणार नाही असा. तो बघूनच मला कळलं, हा खरा.

मिथुनला बोंबलाचं कालवण वाढलं. तो मासे खात नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग ठकीने त्याला वरणभात केला आणि एक महिनाभर खिडकीवरून चिडवणार नाही असं कबूल केलं.

तू दुव्यांबरोबर पाठवलेल्या प्रश्नपत्रिकेचं उत्तर देऊन टाकते. शेवटी विचारलंयस, "वेबसाइट वापरून तुम्हाला किती समाधान वाटलं? एक ते पाच गुण द्या." वेबसाइटला दोन. एक कापला लुकलुकीला, एक कापला रेघांना, एक कापला होडीला. आम्हाला मात्र पाच. मिथुनला सहा.

ताडपत्री निघाली. दादूने रंगारी नेऊन "बी.ए."च्या पुढे "प्रथम वर्ष" लिहून घेतलं. जागा पुरली नाही म्हणून ते त्याच्या स्वतःच्या गॉगलवर आलंय. बरं झालं.

तुझी,
गोदूआत्या

*

पालघर, ५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मी इथे खोलीत एकटीच नाचले.

मनीष सरांनी तुझी सगळी पत्रं परवानगी घेऊन अहवालात जोडायला सांगितलीत. परवानगी देशील ना? ते म्हणाले, ज्याला होडी काय असते हे पक्कं माहीत आहे, तोच या दारात अडतो, हे आपल्या कुठल्याच आकड्यात दिसलं नसतं. मी अहवालात शिफारस लिहिली आहे की असलं कोडं काढून टाका, आणि प्रवेशाची तारीख पहिल्याच पानावर, न हलणाऱ्या अक्षरांत लिहा. विद्यापीठ ऐकेल की नाही, देव जाणे. पण पाठवलंय. आणि पुढच्या खेपेला कुणाला "कल्पना कर" सांगण्याआधी मी विचारून घेणार आहे, की खरंच करायचंय का.

पहिला वर्ग कधी आहे? मी स्टेशनवर घ्यायला येते.

हेमाली

*

नवापूर, २४ ऑगस्ट, रविवार

चि. हेमाली,

तू स्टेशनवर आलीस, केंद्राच्या दारापर्यंत सोडलंस आणि परत गेलीस. आत काय झालं ते तुला त्या गर्दीत सांगता आलं नाही, म्हणून घरी येऊन पाय धुतले आणि लिहायला बसले.

दारात शिपाई म्हणाला, "मावशी, पालकांची सभा आज नाही." मी नंबरचा कागद दाखवला. त्याने कागद पाहिला, मला पाहिलं, परत कागद पाहिला. मग स्वतः पुढे होऊन वर्ग दाखवला.

बाक शाळेतल्या लहान मुलांचे. मी एकदा आत शिरले ती तिरकीच बसले. शेजारी अंगणवाडीतली एक बाई, दीपाली नाव. मागे कारखान्यातली मुलं, रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल. एक पोलीसही होता, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नावं पुढे पुढे चालली, माझं येईना. अर्ज शेवटच्या दिवशीचा ना. मी नंबरचा कागद पुन्हा उघडून बघितला, वाटलं, हीसुद्धा नक्कलच निघते की काय. दीपालीने माझा हात धरला, तिला काय कळलं कोण जाणे.

सगळ्यांत शेवटी बाई म्हणाल्या, "पागधरे गोदूबाई रामा?"

मी उठले. गुडघा असा वाजला की मागची झोपलेली मुलं जागी झाली. मी म्हटलं, "हजर."

बाईंनी खूण केली, हसल्या, म्हणाल्या, "बसा, आजी."

मी म्हटलं, "बाई, बसते. पण जरा वेळ उभीच राहू द्या."

तुझी,
गोदूआत्या